अणुवीज प्रकल्पांचं गणित : कुठे सहा वर्षं, कुठे अठरा

जगात सध्या साठहून अधिक अणुभट्ट्या बांधकामाखाली आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या चीनमध्ये आहेत आणि उरलेल्यांत रशियन बनावटीच्या भट्ट्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांनी हे तंत्र जगाला शिकवलं त्या अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचा हिस्सा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आहे. डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी 2050 पर्यंत अणुवीज क्षमता तिप्पट करण्याची घोषणा केली. भारताने त्यावर सही केलेली नाही. ही घोषणा खरी करायची तर दरवर्षी साधारण 30 गिगावॅट क्षमता उभी राहायला हवी. जगाने एवढा वेग गाठल्याची उदाहरणं 1984 आणि 1985 ही. त्या दोन्ही वर्षांत तीस-तीसहून अधिक भट्ट्या ग्रिडला जोडल्या गेल्या. अलीकडे हा आकडा पाच ते दहाच्या आसपास रेंगाळतो.

तो वेग का मंदावला, हे पाहायला आधी व्याजाकडे पाहावं लागतं. कोळशाच्या केंद्रात खर्चाचा मोठा भाग इंधनाचा असतो आणि तो वीज विकता विकता भागत जातो. अणुकेंद्रात इंधनाचा खर्च किरकोळ असतो आणि जवळपास सगळा पैसा पहिलं युनिट विकण्याआधीच ओतावा लागतो. समजा बांधकामाचा निव्वळ खर्च 10,000 कोटी रुपये आहे. तो दर वर्षाच्या शेवटी समान हप्त्यांत झाला आणि कर्ज 10 टक्क्यांनी घेतलं, तर पाच वर्षांत केंद्र पूर्ण होताना डोक्यावर सुमारे 12,200 कोटी असतात. दहा वर्षं लागली तर 15,900 कोटी आणि पंधरा लागली तर 21,200 कोटी. सिमेंटचं एक पोतंही जास्त न वापरता खर्च दुप्पट झालेला असतो. हेच दहा वर्षांचं काम 5 टक्के व्याजाने झालं तर आकडा 12,600 कोटींच्या आतबाहेर राहतो. म्हणून या धंद्यात भट्टीच्या रचनेइतकंच महत्त्व पैसा कुणाचा आणि काय दराने, याला असतं.

सुरुवातीला हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. 1954 मध्ये सोव्हिएत रशियातल्या ओब्निन्स्कची 5 मेगावॅटची भट्टी ग्रिडला जोडली गेली आणि 1956 मध्ये ब्रिटनचं कॅल्डर हॉल सुरू झालं. 1963 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीकसाठी ठरावीक किमतीत, टर्नकी पद्धतीने (म्हणजे सगळं उभारून चालू स्थितीत हवाली करायचं) भट्टी देऊ केली आणि अमेरिकी वीज कंपन्यांची रांग लागली. अशा कंत्राटांत विक्रेत्यांनी मोठा तोटा सोसला, पण बाजार तयार झाला. आपल्या तारापूरचे पहिले दोन संच याच काळातले, याच कंपनीचे आणि टर्नकीच. 1969 मध्ये ते प्रत्येकी 210 मेगावॅटचे म्हणून सुरू झाले आणि पुढे 160 मेगावॅटवर उतरवले गेले.

1973 हे अमेरिकेतल्या मागणीचं शिखर होतं. त्यानंतर तेलसंकट आलं, विजेची मागणी घटली आणि व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेले. 28 मार्च 1979 च्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातल्या अपघातावर सगळं खापर फोडायची सवय आहे, पण ऑर्डरी त्याआधीच आटल्या होत्या. अपघाताने काय केलं, तर अर्धवट उभ्या असलेल्या केंद्रांवर नवे सुरक्षा नियम लागू झाले. घातलेले पाइप आणि केबल उपसून पुन्हा घालावे लागले आणि इकडे व्याज चालूच राहिलं. वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीज संस्थेने पाच केंद्रं एकदम हाती घेतली, त्यांतलं एकच पूर्ण झालं आणि 1983 मध्ये 2.25 अब्ज डॉलरचे रोखे बुडीत गेले. न्यूयॉर्कजवळचं शोरहॅम केंद्र सुमारे 6 अब्ज डॉलर खर्चून पूर्ण झालं आणि व्यापारी वीज न विकताच बंद झालं. आणीबाणीत लाँग आयलंडचे लोक बाहेर कसे काढायचे, या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नव्हतं.

फ्रान्सने पंतप्रधान मेसमेर यांच्या 1974 च्या योजनेत वेगळी वाट धरली. ग्राहक एक (सरकारी वीज कंपनी ईडीएफ), भट्टी बनवणारा एक (फ्रामातोम) आणि नकाशे मोजकेच : 900 मेगावॅटच्या 34 भट्ट्या, मग 1300 मेगावॅटच्या 20 आणि शेवटी 1450 च्या चार. एका जागी दोन किंवा चार भट्ट्या असल्याने वेल्डरांची टोळी पहिलीवरून उठून दुसरीवर जायची. हात बसलेला असायचा. शेवटच्या चार भट्ट्यांसाठी नवा नकाशा आणला आणि तिथे मात्र अडचणी सुरू झाल्या. 1998 मध्ये सिव्हो इथे गरम-थंड पाण्याच्या मिश्रणाने पाइपला तडा गेला.

इथून पुढे घोडं पेंड खाऊ लागलं. 26 एप्रिल 1986 च्या चेर्नोबिलनंतर युरोपात नवं काम जवळपास थांबलं. फ्रान्समध्ये 1991 नंतर नव्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं ते थेट 2007 मध्ये. मधल्या सोळा वर्षांत अनुभवी माणसं निवृत्त झाली आणि पुरवठादारांनी अणुदर्जाचं प्रमाणपत्र सोडून दिलं. 2000 च्या दशकात सर्वांत मोठ्या आकाराचे घडीव भाग बनवायचे तर 600 टनांचा पोलादी गोळा हाताळणाऱ्या जपानच्या मुरोरान इथल्या कारखान्याकडे नंबर लावावा लागे.

फिनलंडच्या ओल्किलुओतो-3 या, ईपीआर नावाच्या युरोपीय रचनेच्या भट्टीचं काम ऑगस्ट 2005 मध्ये सुरू झालं आणि 2009 मध्ये वीज अपेक्षित होती. पायाच्या काँक्रीटमध्येच पाणी जास्त पडलं. ताकद भरली, पण काँक्रीट सच्छिद्र निघालं. कंटेनमेंटच्या (भट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचाच्या) पोलादी अस्तराचं वेल्डिंग अणुकामाचा अनुभव नसलेल्या पोटकंत्राटदाराकडे गेलं आणि त्यातली जोडणी पुन्हा करावी लागली. मग डिजिटल नियंत्रण यंत्रणेच्या मंजुरीत वर्षं गेली. अगदी शेवटी, ऑक्टोबर 2022 मध्ये, पाणी पुरवणाऱ्या फीडवॉटर पंपांच्या इंपेलरना, म्हणजे फिरत्या पात्यांना, तडे सापडले. नियमित उत्पादन एप्रिल 2023 मध्ये सुरू झालं. सुमारे 3 अब्ज युरोचं ठरलेलं काम 11 अब्जांपर्यंत गेलं.

त्याच ईपीआर रचनेच्या, फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिल-3 मधल्या चुका तर शिकण्यासारख्या आहेत. दाबपात्राच्या (ज्यात अणुइंधन असतं त्या जाड पोलादी भांड्याच्या) झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात कार्बनचं प्रमाण जास्तीत जास्त 0.22 टक्के असायला हवं होतं, ते काही भागांत 0.30 टक्के निघालं. मोठा पोलादी गोळा थिजताना कार्बन शेवटी थिजणाऱ्या भागात गोळा होतो. तो भाग पुरेसा कापून टाकला गेला नव्हता. जास्त कार्बनचं पोलाद ठिसूळ असतं, त्यामुळे काही वर्षांत झाकण बदलण्याच्या अटीवरच परवानगी मिळाली. मुख्य वाफवाहिन्यांचे आठ वेल्ड कंटेनमेंटच्या दोन भिंतींमध्ये गाडले गेलेले होते. ते ठरलेल्या दर्जाचे नाहीत हे लक्षात आल्यावर 2019 मध्ये नियामकाने दुरुस्तीचा आदेश दिला आणि माणूस पोहोचत नसल्याने खास रोबो तयार करावे लागले. 2012 मध्ये सुरू व्हायची ही भट्टी 21 डिसेंबर 2024 ला ग्रिडला जोडली गेली. मूळ अंदाज 3.3 अब्ज युरो होता, ईडीएफचा शेवटचा आकडा 13.2 अब्ज.

अमेरिकेत जॉर्जियातल्या व्होगलच्या, वेस्टिंगहाउस कंपनीच्या एपी-1000 रचनेच्या दोन भट्ट्यांवर वेगळा प्रयोग झाला. कारखान्यात मोठे मॉड्यूल बनवायचे आणि जागेवर जोडायचे, म्हणजे वेळ वाचेल. पण नकाशे पूर्ण होण्याआधीच काम सुरू झालं, त्यामुळे मॉड्यूल चुकीच्या मापाचे किंवा अपुऱ्या कागदपत्रांसह पोहोचू लागले. अणुकामात ज्या वेल्डची नोंद नाही, तो वेल्ड झालाच नाही असं धरतात. पुढे युनिट 3 मध्ये सुरक्षेच्या केबलांचे मार्ग एकमेकांपासून पुरेसे लांब नसल्याचं आढळलं आणि तेही उकरावं लागलं. 2017 मध्ये वेस्टिंगहाउसने दिवाळखोरी जाहीर केली. दक्षिण कॅरोलायनातल्या जुळ्या प्रकल्पावर सुमारे 9 अब्ज डॉलर खर्च झाल्यावर तो सोडून देण्यात आला. व्होगल 2023 आणि 2024 मध्ये, सात वर्षं उशिरा पूर्ण झालं आणि खर्च 14 अब्जांवरून 30 अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला.

चीनमध्येही पहिली एपी-1000, सानमेन, वेळेवर झाली नाही. मुख्य पंपांतल्या दोषांमुळे ती 2018 उजाडेपर्यंत रखडली. पण चीनने काम थांबवलं नाही, आणि फरक पडला तो त्यामुळे. स्वतःची ह्वालाँग-1 रचना घेतली आणि फूचिंग-5 मे 2015 ते जानेवारी 2021 या काळात, सहा वर्षांच्या आत उभी केली. सरकारी बँकांचं स्वस्त कर्ज पाठीशी होतंच. 2022 पासून तिथे दरवर्षी दहाच्या आसपास नव्या भट्ट्यांना मंजुरी मिळते आहे. दक्षिण कोरियाने अबूधाबीतल्या बराकाच्या चार भट्ट्या 2012 ते 2024 या काळात पूर्ण केल्या. मात्र त्याच देशात 2012-13 मध्ये सुट्या भागांची खोटी चाचणी-प्रमाणपत्रं उघडकीला आली होती. रशियाची सरकारी अणुकंपनी रोसाटॉम भट्टीसोबत कर्जही देते. बांगलादेशातल्या रूपपूरच्या खर्चाचा 90 टक्के भाग रशियन कर्जाचा आहे.

ब्रिटनने व्याजाचा प्रश्न ग्राहकाच्या बिलावर टाकला. हिंक्ली पॉइंट सी या केंद्रासाठी 2012 च्या किमतींत प्रति मेगावॅट-तास 92.50 पौंड दराची हमी दिली. साइझवेल सी या केंद्रासाठी जुलै 2025 मध्ये अंतिम निर्णय झाला तेव्हा बांधकाम चालू असतानाच बिलातून पैसे वसूल करण्याची पद्धत घेतली. कंपनीचं व्याज कमी होतं, जोखीम मात्र बिल भरणाऱ्याकडे सरकते.

छोट्या भट्ट्यांबद्दल सध्या फार बोललं जातं. अमेरिकेत नूस्केल कंपनीच्या सहा मॉड्यूलचा, 462 मेगावॅटचा प्रकल्प नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला, कारण विजेचा दर प्रति मेगावॅट-तास 58 वरून 89 डॉलरवर गेला होता. कॅनडाच्या ऑन्टारियोने मे 2025 मध्ये डार्लिंग्टनच्या चार 300 मेगावॅट भट्ट्यांना 20.9 अब्ज कॅनेडियन डॉलरची मंजुरी दिली. म्हणजे एका मेगावॅटला सुमारे 1.74 कोटी कॅनेडियन डॉलर. स्वस्त म्हणवणारा हा आकडा नाही.

भारतात आज सुमारे पावणेनऊ हजार मेगावॅट क्षमता आहे आणि 2047 चं लक्ष्य एक लाख मेगावॅट. आपल्या 700 मेगावॅटच्या पहिल्या जड-पाणी भट्टीचं, काकरापार-3 चं, पहिलं काँक्रीट नोव्हेंबर 2010 मध्ये पडलं आणि व्यापारी वीज 2023 मध्ये मिळाली. जड-पाणी भट्ट्यांत आपला हात बसलेला होता, पण एवढंही पुरत नाही. रावतभाटा-7 मार्च 2025 मध्ये ग्रिडला जोडली गेली. एकाच नकाशाच्या दहा भट्ट्यांना 2017 मध्ये एकदम मंजुरी मिळाली, ती फ्रान्सचीच जुनी वाट.

जैतापूर त्या वाटेवर बसत नाही. राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात सहा ईपीआर बसवण्याच्या योजनेतल्या पहिल्या दोन भट्ट्यांचा प्राथमिक करार डिसेंबर 2010 मध्ये झाला, तेव्हा जगात एकही ईपीआर चालू नव्हती. चार महिन्यांनी साखरी नाटे इथे आंदोलनावर गोळीबार झाला, पुढे अणुदायित्व कायद्यावरून (अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, यावरून) चर्चा अडली आणि ईडीएफची तांत्रिक-व्यापारी ऑफर एप्रिल 2021 मध्ये आली. चीनमधल्या तायशानच्या दोन, ओल्किलुओतो आणि फ्लामाँव्हिल धरून आज जगात चालू ईपीआर आहेत चार. तायशान-1 इंधनकांड्यांच्या गळतीमुळे 2021-22 मध्ये वर्षभर बंद होती. माडबनच्या जमिनीवर पहिलं काँक्रीट अजून पडायचं आहे.