बीजाणुधानी (नेचे आणि श्लेष्मबुरशी)

बीजाणू ज्या पिशवीत तयार होतात ती बीजाणुधानी; जुन्या ग्रंथांत हिला बीजुककोश म्हटलेले आढळते. नेचे आणि श्लेष्मबुरशी या दोहोंत ती असते, पण त्यावरून त्यांचे नाते जोडू नये. नेचे वनस्पती आहेत. श्लेष्मबुरशी नावापुरती बुरशी, गोत अमीबांचे.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या झाडांवर आणि कातळांवर बाशिंग हा नेचा वाढतो. त्याचे हिरवे पान उलटे केले की तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात. पुष्कळांना ती कीड वाटते. प्रत्यक्षात एकेक ठिपका म्हणजे बीजाणुधान्यांचा पुंजका. (बुंध्याशी चिकटलेली सुकी तपकिरी पाने वांझ असतात, तिथे शोधू नये.) भिंगाखाली प्रत्येक पिशवी बारीक देठावर उभी दिसते, बहुतेक नेच्यांत तिच्यात 64 बीजाणू असतात. पिशवीच्या पाठीवरून जाड भित्तिकांच्या पेशींचे वलय जाते आणि सगळी करामत त्याचीच. हवा कोरडी झाली की या पेशींच्या पातळ बाहेरच्या भित्तिकेतून पाणी उडून जाते, वलय आक्रसून मागे वळते, पिशवी फाटते. आत उरलेले पाणी ताणले जात राहते. ताण असह्य झाला की त्यात बुडबुडे उमटतात आणि वलय झटक्यात पुढे येते. गोफणीतल्या दगडासारखे बीजाणू सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने सुटतात. झटका वाटेतच मंदावतो, म्हणून ते परत पिशवीत अडकत नाहीत. पिकलेले पान टेबललॅम्पखाली धरले तर हा खेळ भिंगातून पाहता येतो.

श्लेष्मबुरशीत असली फेकाफेक नाही. कुजक्या ओंडक्यावर सरपटणारा स्टेमोनायटिस या श्लेष्मबुरशीचा पांढरट लगदा उपासमार झाली की उघड्यावर येतो आणि काही तासांत त्याचे काळ्या, केसासारख्या देठांवरचे तपकिरी तुरे होतात. दिसायला अगरबत्त्यांचा जुडगा. तुऱ्याची पातळ भित्तिका लवकर गळते, आत तंतूंची जाळी उरते आणि वारा तिच्यातून बीजाणूंची भुकटी थोडीथोडी उडवतो. फुलिगो या दुसऱ्या श्लेष्मबुरशीत तर सगळ्या पिशव्या एकजीव होऊन पिवळा गोळा बनतो.

डिक्टिओस्टेलियम या श्लेष्मबुरशीची तऱ्हा निराळी. उपाशी अमीबा हजारोंनी एकत्र येतात. सुमारे पाचवा हिस्सा देठ बनून मरतो, बाकीचे वरच्या थेंबात बीजाणू होतात. त्या थेंबाला भित्तिका नसते, त्यामुळे काटेकोर अर्थाने त्याला बीजाणुधानी म्हणत नाहीत.