घाटात न्यूट्रल केल्यानं डिझेल वाचतं का?

"उतारावर गाडी न्यूट्रल कर, डिझेल वाचतं." बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला भाजी नेणाऱ्या पिकअपवाल्यांत हा सल्ला जुना आहे. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या डिझेल इंजिनात मात्र गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतात. इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. वर भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर! लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

पडताळायचंय? डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल, तर मोकळ्या, हलक्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर सोडा आणि शेजारच्याला मायलेजचा आकडा किती वर जातो ते बघायला सांगा. ऑटोमॅटिकवाल्यांनीही 'एन' टाळून खालचा गिअर निवडावा.