ट्रॅक्टरसाठी जीपीएस मार्गदर्शन

उपग्रहांच्या संदेशांवरून ट्रॅक्टर शेतात नेमका कुठे आहे हे ओळखून, पुढची फेरी कुठून घ्यायची ते चालकाला दाखवणारी यंत्रणा. साध्या प्रकारात टपावरचा अँटेना, चालकासमोरची स्क्रीन किंवा दिव्यांची पट्टी आणि वीज घेणारी वायर एवढेच असते; स्टिअरिंग चालकाच्याच हातात राहते. स्टिअरिंग आपोआप फिरवणाऱ्या यंत्रणा याच्या पुढची पायरी. ही नोंद मुख्यतः साध्या प्रकाराविषयी आणि त्याच्या निवडीविषयी आहे.

पेरणीत मागच्या फेरीचे तास डोळ्यांसमोर असते. फवारणी करताना किंवा खत फेकताना मात्र मागे कसलीच खूण उरत नाही. पट्टी सुटली तर तिथले तण आठवड्याभरात दिसू लागते, या धास्तीने चालक थोडे आत शिरूनच फेरी घेतो. १२ मीटरच्या फवारणी दांड्याने दर फेरीला ६० सेंटिमीटर दुबार फवारले, तर औषध, डिझेल आणि वेळ यांचा विसावा हिस्सा वाया जातो, शिवाय तिथल्या पिकाला औषधाचा दुप्पट मारा बसतो. पूर्वी यावर दांड्याच्या टोकातून फेसाचे गोळे टाकत जाण्याचा उपाय होता. कडक उन्हात फेस लवकर विरतो, उंच पिकात दिसत नाही आणि रात्री तर शोधावाच लागतो.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली. नागरी वापरासाठीच्या संदेशात तेव्हा मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकू शकत होती. वेगळ्या रेडिओ केंद्राकडून त्या चुकीची दुरुस्ती घेतल्याशिवाय शेतात तिचा उपयोग नव्हता. विमानातून फवारणी करणाऱ्या वैमानिकांनी अशी दुरुस्ती घेऊन दिव्यांची पट्टी आधी वापरली. ट्रॅक्टरवर ती नंतर आली. १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी जीपीएसच्या आधारे ट्रॅक्टर आपोआप सरळ रेषेत चालवून दाखवला. मे २००० मध्ये अमेरिकेने ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि स्वस्त उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. आजची उपकरणे अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या तशाच यंत्रणांचेही उपग्रह वापरतात.

वापरण्याची रीत सोपी आहे. चालक औजाराची रुंदी भरतो, शेताच्या एका टोकाला ‘ए’ बटण दाबतो, पहिली फेरी सरळ घेऊन दुसऱ्या टोकाला ‘बी’ दाबतो. या दोन बिंदूंतून जाणारी रेषा पक्की होते आणि उपकरण तिला समांतर, औजाराच्या रुंदीइतक्या अंतरावर, शेतभर रेषा आखते. वळून परत येताना मधला हिरवा दिवा लागला असेल तर ट्रॅक्टर रेषेवर आहे; सरकला की बाजूचे लाल दिवे एकेक करून पेटतात. इथे एक बारकावा आहे. काही उपकरणांत दिवा रेषा कुठल्या बाजूला आहे ते सांगतो, तर काहींत ट्रॅक्टर कुठल्या बाजूला भरकटला ते. दोन्हींचा अर्थ नेमका उलटा, म्हणून घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. वाकड्या बांधाच्या शेतासाठी वक्र रेषेची सोयही बहुतेक उपकरणांत असते.

निवडीत सर्वात जास्त गोंधळ अचूकतेच्या आकड्याचा होतो. एका फेरीची लगतच्या फेरीशी जुळणी आणि त्याच रेषेवर पुढच्या हंगामात परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्या गोष्टीचा असतो आणि तो पंधरा मिनिटांच्या आतल्या फेऱ्यांसाठी मोजलेला असतो. अमेरिकेची ‘वास’ (WAAS), युरोपची एग्नॉस, भारताची गगन यांसारख्या यंत्रणांकडून उपग्रहावरून मोफत मिळणाऱ्या दुरुस्तीवर फेऱ्यांची जुळणी साधारण १५ ते ३० सेंटिमीटरच्या आत राहते. फवारणी, खत फेकणे आणि रुंद औजाराची मशागत यांना एवढे पुरते. पण तासभर थांबून परत आल्यावर रेषा सरकलेली दिसते. तेव्हा ती जागेवर ढकलायचे बटण हाताशी हवे. पेरणी आणि ओळींमधली कोळपणी यांना दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता लागते. ती आरटीके पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या जागेवरच्या केंद्राशी क्षणोक्षणी ताडून जागा सुधारत राहण्याने मिळते, पण त्यासाठी जवळपास स्थिर केंद्र किंवा इंटरनेटवरून दुरुस्ती लागते. हाताने स्टिअरिंग धरून तेवढे नेमके चालवणेही अवघड, म्हणून फवारणीपुरत्या गरजेसाठी आरटीके घेणे मला अनाठायी वाटते. मोबाइलच्या आतला जीपीएस कित्येक मीटर हुकतो. मोबाइल वापरायचाच तर त्याला बाहेरचा जीपीएस रिसीव्हर जोडावा.

सोपेपणाची खरी परीक्षा शेताच्या कडेला होते. इंजिन सुरू केल्यापासून पहिली रेषा आखेपर्यंत किती वेळा बोट लावावे लागते ते मोजावे. हातमोजे घातलेल्या हाताने बटण दाबले जाते का, दुपारच्या उन्हात दिवे दिसतात का, बंद करून पुन्हा चालू केल्यावर आधीची रेषा टिकते का, हे करून पाहावे. ज्या कामाला चार पायऱ्या लागतात, ते घाईच्या दिवशी चालक टाळतोच, आणि तो दोष त्याचा नसतो. जागा सेकंदाला किती वेळा मोजली जाते हेही विचारावे. ताशी ९ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदात अडीच मीटर पुढे जातो, म्हणजे सेकंदाला एकदाच मोजणारे उपकरण नेहमी मागे राहते. दहा वेळा मोजणारे दर २५ सेंटिमीटरला सांगते.

उतारावरची चूक लवकर लक्षात येत नाही. तीन मीटर उंचीवरचा अँटेना पाच अंश कललेल्या जमिनीवर सुमारे २६ सेंटिमीटर खालच्या बाजूला झुकतो आणि चाके तिथे आहेत असे उपकरण समजते. उताराची जमीन असेल तर कल ओळखून हिशेब सुधारणारे उपकरण घ्यावे. दाट झाडांच्या कडेला उपग्रह झाकले जातात. सूर्यावरच्या वादळांनीही यंत्रणा डळमळते. मे २०२४ मध्ये ऐन पेरणीच्या दिवसांत अमेरिकेतल्या अनेक शेतकऱ्यांना तसा अनुभव आला. शिवाय विहीर, खांब किंवा माणूस यातले काहीही या यंत्रणेला दिसत नाही.

औजाराची रुंदी मात्र टेपनेच मोजावी. दांडा प्रत्यक्षात ११.८ मीटरचा आणि उपकरणात १२ भरलेले असेल, तर दर फेरीला २० सेंटिमीटरची पट्टी सुटणारच, मग अचूकता कितीही असो. अँटेना ट्रॅक्टरच्या बरोबर मध्यावर आहे का, हे तपासायला मोकळ्या शेतात रेषेवरून एकदा जाऊन चाकाच्या मागाशेजारी खुंटी ठोकावी आणि लगेच त्याच रेषेवरून उलट दिशेने यावे. अँटेना पाच सेंटिमीटर बाजूला बसला असेल, तर दोन मागांत दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. एकदाच्या फरकावर विसंबू नये. तीन-चार वेळा ये-जा करून सरासरी घ्यावी आणि तिच्या निम्म्याने अँटेना सरकवावा.