रॉकेट दिसली, पण ऑपरेटरला कोणी उठवलं नाही

‘टायटॅनिक’च्या प्रकरणात ‘कॅलिफोर्नियन’ हे नाव गोवलं गेलं ते बातमीदारांमुळे. १९ एप्रिल १९१२ रोजी हे मालवाहू जहाज बोस्टनला लागलं, तेव्हा कॅप्टन स्टॅन्ली लॉर्ड यांनी ‘टायटॅनिक’ बुडालं त्या रात्री आपल्या जहाजावरून दिसलेल्या रॉकेटचा विषयही काढला नव्हता. २३ तारखेला मॅसॅच्युसेट्समधल्या क्लिंटनच्या छोट्याशा दैनिकाने जहाजावरच्या सुताराने सांगितलेली हकिकत छापली. दोनच दिवसांनी ‘बोस्टन अमेरिकन’मध्ये इंजिन विभागातल्या अर्नेस्ट गिलचं प्रतिज्ञापत्र आलं: मध्यरात्रीनंतर आपण पांढरी रॉकेट पाहिली.

यासाठी गिलला ५०० डॉलर मिळाले होते. त्यावरून त्याला आजही विकाऊ साक्षीदार म्हणतात, आणि त्याच्या जबानीत न जुळणाऱ्या गोष्टी आहेतही. पण रॉकेटची गोष्ट पुढे लंडनच्या चौकशीत जहाजावरच्या अधिकाऱ्यांनीच शपथेवर सांगितली. त्यांना तर कोणी छदामही दिला नव्हता.

त्या रात्री १०.२१ला ‘कॅलिफोर्नियन’ बर्फामुळे थांबलं. बिनतारी संदेशयंत्राचा ऑपरेटर सिरिल इव्हान्सने तसं ‘टायटॅनिक’ला कळवलं, तर तिकडून ‘गप्प बस, मी कामात आहे’ असं उत्तर आलं. साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून तो झोपला, ११.४०ला ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलं. मध्यरात्रीनंतर तिसरे अधिकारी ग्रोव्ह्स इव्हान्सच्या केबिनमध्ये डोकावले आणि त्यांनी हेडफोन कानाला लावला. त्या यंत्राला घड्याळासारखी चावी द्यावी लागे. ती दिलेली नव्हती, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही.

वर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या जागी, दुसरे अधिकारी हर्बर्ट स्टोन आणि शिकाऊ गिब्सन होते. एकूण आठ रॉकेट दिसली. तेव्हाच्या नियमांत रंगाची अट नव्हती. थोड्या थोड्या वेळाने एकेक रॉकेट उडालं की ती संकटाची खूण. सव्वाएकच्या सुमारास स्टोनने बोलनळीतून खाली कळवलं. कॅप्टन लॉर्ड चार्टरूममध्ये, म्हणजे नकाशांच्या खोलीत, आडवे झाले होते. ‘कंपनीच्या खुणा आहेत का?’ (म्हणजे जहाज कोणत्या कंपनीचं हे सांगणाऱ्या) असं त्यांनी विचारलं आणि दिव्याने मोर्स करत राहायला सांगितलं. समुद्रात कोणी उगाच रॉकेट उडवत नाही, असं स्टोन म्हणाल्याचं गिब्सनच्या साक्षीत आहे. तरीही इव्हान्सला उठवलं ते पहाटे साडेपाचच्या सुमारास. ‘टायटॅनिक’ २.२०लाच बुडालं होतं, आणि ५८ सागरी मैलांवरून निघालेलं ‘कार्पेथिया’ चारच्या सुमारास येऊन पोचलंही होतं.

जहाजाच्या लॉगबुकात रॉकेटचा उल्लेख नव्हता. त्या रात्रीची कच्ची नोंदवही तर चौकशीपर्यंत उरलीच नाही.

लंडनच्या चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांच्या अहवालाने जुलै १९१२मध्ये ठपका ठेवला: ‘कॅलिफोर्नियन’ गेलं असतं तर सगळे नाही तरी बरेच जीव वाचले असते. कॅप्टन लॉर्ड यांची नोकरी गेली, मात्र खटला कधीच भरला गेला नाही. त्यांना केवळ साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे बचावाची संधी मिळाली नाही, ही त्यांच्या बाजूच्या लोकांची तक्रार रास्त आहे. १९६२मध्ये ते वारले तेव्हाही ठपका कायम होता.

१९८५मध्ये अवशेष सापडले ते ‘टायटॅनिक’ने कळवलेल्या जागेपासून सुमारे १३ मैलांवर, आणि अंतराचा वाद पुन्हा पेटला. कॅप्टन लॉर्ड यांच्या हिशेबाने दोन्ही जहाजांत साडेएकोणीस मैल होते. १९९२च्या ब्रिटिश फेरतपासातही अंतरावर एकमत झालं नाही. रॉकेट दिसली होती आणि त्यावर पुरेशी हालचाल झाली नाही, हे मात्र त्यातही मान्य झालं. मैलांवर इतकी शाई खर्च झाली, पण इव्हान्सची केबिन ब्रिजपासून काही पावलांवर होती.