स्मार्ट बल्ब की स्मार्ट स्विच? घरच्यांना शिकवायला बसण्याआधी हा फरक समजून घ्या

दोन्हींत दिवा मोबाइलवरून लागतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. खरा प्रश्न वाय-फायचा भाग कुठे बसवलाय हा आहे. स्मार्ट बल्बमध्ये तो बल्बच्या पोटात असतो आणि भिंतीवरचं बटण जुनंच राहतं. स्मार्ट स्विचमध्ये तो बटणामागे, भिंतीत असतो आणि बल्ब साधाच चालतो.

नवशिक्यांची बरीचशी फजिती इथूनच सुरू होते. स्मार्ट बल्ब विझलेला दिसला तरी आतून जागा असतो. जेमतेम अर्धा वॉट किंवा त्याहून कमी वीज घेत हुकमाची वाट बघतो. सवयीने कोणी भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याची वीजच तुटते आणि ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतं. मग फोनवर कितीही टिचक्या मारल्या तरी दिवा लागत नाही. गोंधळून तेच बटण भराभर तीन-पाच वेळा चालू-बंद केलं, तर पुष्कळ बल्ब त्याला रीसेटची खूण समजतात. बल्ब लुकलुकू लागतो, वाय-फायची माहिती पुसली जाते आणि जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. ही भीती एकदा बसली की माणूस फोनला हात लावत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी ही चूक मुद्दाम करून दाखवा. बटण बंद करा, ‘ऑफलाइन’ येईपर्यंत थांबा, बटण पुन्हा एकदाच दाबा आणि बल्ब वाय-फायला जोडला जाईपर्यंत मिनिटभर धीर धरा. हे शिकणाऱ्याच्या हातून दोनदा करून घ्या. बटणावर ‘चालूच ठेवा’ अशी चिठ्ठी चिकटवा.

स्मार्ट स्विचला ही कटकट नाही. वाय-फाय बंद पडलं तरी हाताने दिवा लागतो. घरात वयस्कर माणसं किंवा पाहुण्यांची ये-जा असेल, तर आम्ही स्विचच सुचवू. अडचण येते ती वायरिंगची. बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार) लागते आणि बऱ्याच जुन्या बोर्डांत ती दिव्याच्या बटणापर्यंत आणलेलीच नसते. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात, पण ते स्वतःपुरता बारीकसा करंट बल्बमधूनच घेतात. कमी वॉटचा एलईडी मग बंद असतानाही मिणमिणतो किंवा फडफडतो. त्यावर उपाय म्हणून स्विचसोबत अनेकदा छोटा कपॅसिटर (हा बारीक करंट स्वतःतून जाऊ देणारा भाग) येतो. तो दिव्याला समांतर जोडायचा असतो. हे काम मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियननेच करावं. जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्याला टू-वे चालणारा स्विच लागतो, हेही त्याला आधीच सांगा.

रंग बदलायचा असेल तर मात्र बल्बच हवा. तो जुन्या डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) लावू नका, फडफडतो.

आणि एकाच दिव्याला दोन्ही लावू नका: स्विच बंद झाला की बल्ब पुन्हा ‘ऑफलाइन’.