डबल ओचा पूना आणि मुका बी

इंग्लंडमध्ये पाटीवरची अक्षरं एकेक लावून गावाचं नाव उच्चारणारा माणूस लगेच परका ठरतो. पाटीवर सरळसरळ 'लायसेस्टर' दिसतं, लोक म्हणतात 'लेस्टर'. 'वॉर्सेस्टर'चं 'वूस्टर' होतं, 'ग्लौसेस्टर'चं 'ग्लॉस्टर'. नॉरफोक परगण्यात 'वायमंडहॅम' लिहितात आणि 'विंडम' म्हणतात, 'हॅपिसबर्ग' लिहितात आणि 'हेझबरा' म्हणतात. चेशरमधल्या एका गावाच्या पाटीवर 'चोल्मोन्डेली' असतं आणि तोंडात 'चमली'. गोऱ्यांचा आळशीपणा म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण या नावांत इंग्लंडवर कोणी कोणी राज्य केलं त्याचा हिशेब आहे.

'सेस्टर' हे शेपूट मुळात रोमन लोकांच्या 'कास्त्रा'चं, म्हणजे लष्करी छावणीचं. रोमन गेल्यावर आलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी त्याचं 'चेआस्टर' केलं. उत्तरेकडे 'क' टिकला म्हणून लँकेस्टर आणि डाँकेस्टर, काही ठिकाणी 'च' टिकला म्हणून मँचेस्टर. मग 1066 मध्ये नॉर्मन आले. त्यांच्या फ्रेंच वळणाच्या जिभेत काही ठिकाणी 'च'चा 'स' झाला. पुढे रोजच्या बोलण्यात मधलं अक्षर झिजलं, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. सायरनसेस्टरचा प्रवास उलटा झाला. तिथले लोक पूर्वी 'सिसिटर' म्हणत, पण आता बहुतेक जण अक्षरानुसार पूर्ण नाव घेतात. म्हणजे एका ठिकाणी पाटी जिंकली.

नॉर्मन कारकुनांनी साध्या शब्दांनाही सोडलं नाही. त्या काळच्या हस्ताक्षरात यू, एन, एम, व्ही ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. त्या ओळीनं आल्या की वाचणाऱ्याची पंचाईत. म्हणून त्यांनी काही शब्दांत यूच्या जागी ओ लिहायला सुरुवात केली. 'सन' म्हणजे मुलगा, 'लव्ह', 'कम' या शब्दांत उच्चार 'अ'कडे झुकणारा आणि लिहिताना ओ, तो या सोयीपायी.

मग विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छापायचं तर कोणतं इंग्रजी छापायचं, हा त्याचा खरा प्रश्न. 1490च्या एका प्रस्तावनेत त्यानं गंमत सांगितली आहे. वाऱ्याअभावी थेम्स नदीत अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले आणि एकानं एका घरी अंडी मागितली. तो म्हणाला 'एगिस'. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा कोणी 'आयरन' म्हणाला तेव्हा बाईला कळलं. एकाच देशात अंड्याला दोन शब्द, मग स्पेलिंगचं काय विचारता! 'घोस्ट'मधला मुका एच बहुधा याच छापखान्यातला: कॅक्स्टन आणि त्याचे खिळे जुळवणारे लोक फ्लेमिश मुलखातली, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची सवय घेऊन आले होते.

पुढे छपाईनं स्पेलिंग हळूहळू गोठवत नेलं, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांची जीभ हलत होती. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा सोडून वर सरकले. त्याआधी 'नेम'चा उच्चार 'नाम'च्या आसपास होता, 'फीट'चा 'फेट', 'मून'चा 'मोन'. डबल ई म्हणजे लांब ए आणि डबल ओ म्हणजे लांब ओ, असा सरळ कारभार. उच्चार बदलले, अक्षरं तिथंच बसून राहिली.

पंडितांनी त्यात भर घातली. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून सोळाव्या शतकात तो घुसवला. 'आयलंड'मध्ये तर एस टाकला तोही चुकीच्या नात्यानं, कारण तो शब्द लॅटिनमधून आलेलाच नाही. हा कारभार शाळकरी पोरांच्या माथी आजही आहे.

सुधारणेचे प्रयत्न फारसे सांगण्यासारखे नाहीत. कोशकार नोआ वेब्स्टरनं अमेरिकेत काही बदल रुजवले. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं सरकारी छापखान्याला 300 सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला, तर अमेरिकी संसदेनं तो हाणून पाडला. आपणही फार हसू नये. 'चार' आणि 'चारा' यांतले च वेगळे, पण ते आपण एकाच अक्षरात लिहितो.

हे सगळं आपल्या दारातही पोचलं. इंग्रजांनी पुणे लिहिलं 'पूना', खडकी लिहिली 'किर्की'. ऊसाठी डबल ओ, ईसाठी डबल ई. स्वर सरकण्याआधीच्या इंग्रजानं हीच अक्षरं 'पोना' आणि 'किर्के' अशी वाचली असती. स्वर सरकल्यानंतरचा साहेब इकडे आला म्हणून आपल्या नावांना ही वेशभूषा मिळाली. पुढे विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतीनं भारतीय नावं रोमन लिपीत लिहिण्याचे नियम ठरले, ईला आय आणि ऊला यू. पण रूढ झालेल्या नावांना सूट राहिली आणि सरकारी गॅझेटियरांत पूना, किर्की तसेच चालले. खडकीतल्या युद्धस्मशानभूमीच्या नावात 'किर्की' अजून आहे. आणि दीपकला डबल ई लावायचा की आय, पूजाला डबल ओ की यू, हा वाद शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत घरोघरी चालू आहे.