बर्फाचा बांध: छत गळतं, पण दोष माळ्यावरच्या फटींचा

2014-15 च्या हिवाळ्यात बॉस्टनला एकूण 110.6 इंच, म्हणजे सुमारे 281 सेंटिमीटर बर्फ पडला. शहराच्या नोंदींतला हा उच्चांक. त्या हिवाळ्यात पारा शून्याखाली असतानाही कितीतरी घरांची छतं गळू लागली. पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून?

ते घरातल्याच उबेने तयार होतं. हीटरची गरम हवा सिलिंगमधल्या दिव्यांभोवतीच्या फटींतून, माळ्याच्या झाकणाच्या कडेने वर जाते आणि उतरतं छत आतून तापवते. वरचा भुसभुशीत बर्फ गोधडीसारखा ही ऊब कोंडून धरतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला साधारण 334 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे 100 वॉटच्या बल्बइतकी उष्णता सतत झिरपत राहिली, तरी तासाला किलोभर बर्फाचं पाणी होऊ शकतं.

हे पाणी बर्फाखालून ओघळत वळचणीला येतं. वळचण भिंतीबाहेर असते, तिच्याखाली उबदार खोली नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. थरावर थर चढून बांध तयार होतो आणि मागचं पाणी तुंबतं. छतावरच्या शिंगल्स, म्हणजे छत झाकणाऱ्या चपट्या पट्ट्या, कौलांप्रमाणे एकीवर एक चढवलेल्या असतात. वाहतं पाणी त्या सहज खाली सोडतात. तुंबलेलं पाणी मात्र सांध्यांतून वर सरकतं, आत शिरतं आणि भिंतीलगत सिलिंगवर पिवळट डाग उमटतो.

डाग दिसला की लोक छत बदलायला निघतात. माझ्या मते आधी माळ्यावर जाऊन बघावं. फटी बुजवणं हे पहिलं काम, उष्णतारोधक थर वाढवणं त्यानंतरचं. फटी तशाच ठेवून वर कितीही थर टाकले तरी गरम हवा वाट काढतेच. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यावरच सोडलेली असेल तर तिचं तोंड घराबाहेर न्यायला हवं. वळचणीतून थंड हवा आत येऊन आढ्याशी बाहेर पडत राहिली, की छत गार राहतं. नवं छत घालतानाच कडेला चिकट जलरोधक पडदा लावावा. तो बाहेरच्या भिंतीच्या आत किमान 24 इंच यायला हवा.

बर्फ पडल्यावर लांब दांड्याच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहूनच, कडेचा बर्फ ओढून काढावा. कुऱ्हाडीने बांध फोडू नका, शिंगल्स फुटतात. गळती सुरूच झाली असेल, तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे बर्फ वितळवणारं मीठ, भरून तो बांधावर आडवा नव्हे, उभा, म्हणजे छताच्या उताराच्या दिशेने ठेवावा. पाण्याला खाली उतरायला तेवढी वाट पुरते.